माहेरच्या तळ्यातल्या चार माद्या

मौलाचाचा, तुम्हाला माती देऊन आज अकरा दिवस झाले आणि मला तुमच्यावर दोन पानं लिहायला सांगितलंय. सांगणारे आपले अण्णा, मत्स्यबीज केंद्राचे मालक. म्हणाले, "मॅडम, रविवारी गोल हौदापाशी सगळे जमू. चाचांवर चांगलं लिहून आणा. त्यांचा हात कसा होता, त्यावर लिहा." नेमका हातच त्यांना आठवला. मी मान हलवली आणि हापिसात जाऊन दार लावून घेतलं.

तुमच्या हातावर मी दोन काय, वीस पानं लिहीन. पण तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ह्याच हौदापाशी उभं राहून तुमचा हात चुकला असं सगळ्यांसमोर मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं. तुम्ही त्या दिवशी घरी गेलात ते पुन्हा कामावर आला नाहीत. मी इथंच राहिले, आणि आता लोक मला मोठ्या मॅडम म्हणतात. मला लाज वाटते, चाचा. रोज वाटते असं म्हणणंही खोटंच होईल, कारण मधले कितीतरी दिवस मी आरामात जेवले आणि झोपले.

मी पहिल्यांदा केंद्रावर आले तेव्हा लोहाऱ्याहून जीपनं आले होते, मांडीवर फाइल, फाइलीत एम.एस्सी.चं सर्टिफिकेट. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उभे होता आणि तुमच्या काखेत चार-पाच किलोची कटला मादी होती. तुम्ही गाव विचारलं, मी तुळजापूर म्हणाले. घरी मासळी चालते का विचारलंत, मी म्हटलं, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. तुम्ही इतके हसलात की काखेतली मादी निसटली. "मासळी खात न्हाय अन् मासळीचं बाळंतपन करनार! बरंय की. तुमच्या जिभंला पानी तर सुटायचं न्हाय." पहिल्याच दिवशी माझी अशी टर उडवणाऱ्या माणसाचा मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही.

पुस्तकात मी सगळं वाचलं होतं. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वाढतात, त्यांच्या पोटात अंडी धरतात, पण बंद तळ्यात त्या अंडी सोडत नाहीत. त्यासाठी इंजेक्शन द्यावं लागतं. एवढं मी तुम्हाला ऐटीत सांगितलं. तुम्ही बांधावर बसून तंबाखू मळत ऐकून घेतलंत आणि मग तेच तुमच्या भाषेत सांगितलंत. "नदीला पूर आला की मासळी उलट्या धारंला लागती, अन् आपसूक मोकळी व्हती. तळ्यात पूर कुठनं येनार? दिवस भरत्यात, पन धार न्हाय. मग ती अंडी अंगातच जिरवती बिचारी. आपुन सुई देतू म्हंजी काय करतू? पूर आला म्हनून खोटंच सांगतू तिला. खोटं सांगावं, पन जिचे दिवस भरले तिलाच."

माझ्या गाईडनी दोन वर्षांत मला एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही मला वर्षभराचं चक्र हातानं शिकवलंत. थंडीत मादीचं पोट रिकामं, पाठीला लागलेलं. माघ-फाल्गुनात आत दाणा धरायला लागतो. चैत्रापासून पेंड कमी करायची, नाहीतर अंड्यांच्या जागी चरबीच साठते. वैशाखात तळ्यातलं थोडं थोडं पाणी बदलत राहायचं. मृग लागला की एकेक मादी ओल्या फडक्यात धरून पोट बघायचं. नराची ओळख सोपी, त्याच्या पुढच्या पराला आतून हात लावला की दाढी न केलेल्या गालासारखा खरखरीत लागतो. तुम्ही तेव्हा स्वतःच्या गालावर माझा हात ठेवून म्हणाला होता, "असा. ध्यानात ठेव." मॅडमची 'बेटी' मी त्याच दिवशी झाले असणार.

मादीची ओळख मात्र अवघड होती. सगळ्यांचीच पोटं मोठी दिसायची. तुम्ही डोळे मिटून तळहात फिरवायचात आणि म्हणायचात, ही पिकली. ही न्हाय. ही नुसती फुगली. मी विचारायची, फरक काय? तुम्ही म्हणायचात, पिकलेलीचं पोट हातात सैल पडतं, फुगलेलीचं उलटं ढकलतं. मला दोन्ही सारखीच लागायची. हंगामभर मी तुमच्यामागून हात फिरवत राहिले आणि हंगामभर चुकत राहिले. तुम्ही एकदाही चिडला नाहीत. आज माझा हात बरा चालतो, आणि तो सगळा तुमच्यामागून फिरून आलेला आहे.

आणि ते माहेरचं तळं. अंडी सोडून मोकळी झालेली मादी तुम्ही पुन्हा मोठ्या तळ्यात टाकायचा नाहीत. पलीकडच्या छोट्या, उथळ तळ्यात सोडायचात, त्याला तुम्ही माहेर म्हणायचात. तिथं नर नाहीत, जाळं नाही, दोन वेळ चांगलं खाणं. तुमचा नियम एकच होता, माहेरवाशिणीला त्या हंगामात सुई लावायची नाही. अण्णांनी सांगितलं तरी नाही. नवीन कामगाराला हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगायचात, पगार किती ते नंतर.

आपलं भांडण ह्याच नियमावरून होतं. पुस्तकात लिहिलं होतं की नीट खाऊ घातलं तर मोकळी झालेली मादी त्याच हंगामात पुन्हा तयार होऊ शकते. मी ते पान तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "व्हत असंल. पन कुठली व्हती अन् कुठली न्हाय, ते पुस्तक सांगतंय का?" मी म्हणाले, तुम्ही ऐकतच नाही, जुनं ते धरून बसता. तुम्ही म्हणालात, "बाळंतिनीला दम खाऊ दे गं बाई." मी दार आपटून हापिसात गेले. संध्याकाळी तुम्ही चहा घेऊन आलात, आणि भांडण तिथंच अर्धवट राहिलं. तुमचं अर्धं खरं होतं आणि पुस्तकाचं अर्धं खरं होतं, हे आज मला कळतं. ते तुम्हाला सांगायला मी कधीही येऊ शकले असते. तुमचं घर केंद्रापासून किती, चालत वीस मिनिटं.

आता पोळ्याचा दिवस. हंगामाची शेवटची खेप होती. तुमच्या डोळ्यांपुढं तेव्हा धुरकट दिसायला लागलं होतं, दिव्याभोवती गोल दिसायचे. उमरग्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यानं पोळ्याचीच वेळ दिली होती, आणि तुम्ही रात्री तिथं बहिणीकडं राहून सकाळच्या पहिल्या एसटीनं येणार होता. आदल्या संध्याकाळी तुम्ही मोठ्या तळ्यात जाळं ओढायला लावलंत, पोटं बघितलीत, चार माद्या निवडल्यात आणि नर वेगळ्या हौदात सोडलेत. त्या चौघी तळ्यातच कापडी जाळीच्या पिशवीत, हाप्यात, ठेवल्यात आणि हाप्याचं तोंड स्वतः बांधलंत. मग माझ्याकडं वळून म्हणालात, "उद्या संध्याकाळी सुई तूच दे बेटी. म्या असलो काय अन् नसलो काय, आता तुला येतंय."

पोळ्याला सगळे कामगार बैलांसाठी घरी. केंद्रावर मी एकटी आणि फाटकाशी वॉचमन. दुपारी मला राहवेना. त्या चार माद्यांचं पोट बघावं, तुमच्या हाताला कळलेलं माझ्या हाताला कळतं का ते बघावं, म्हणून मी हाप्याचं तोंड सोडलं. चारही जणींवर हात फिरवला. आणि चाचा, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. पोट हातात सैल पडलं, तुम्ही म्हणायचात तस्संच. मी पाण्यात एकटीच हसले. त्या आनंदात तोंड पुन्हा बांधलं ते कसंतरीच बांधलं. चार वाजता येऊन बघते तर हाप्याचं तोंड पाण्यात पडलेलं, आत काही नाही. चौघी मोठ्या तळ्यात, बाकीच्या शंभरात मिसळलेल्या.

मोठं तळं ओढायला सहा माणसं लागतात, आणि त्या दिवशी एकही मिळाला नसता. मी तुम्हाला एक फोन करायचा होता. तुम्ही हसला असता, अजून वर्षभर चिडवलं असतं, आणि चार दिवसांनी पुन्हा जाळं ओढलं असतं. एवढंच झालं असतं. पण तुम्ही आदल्या दिवशीच "आता तुला येतंय" म्हणाला होता, आणि दुसऱ्या दिवशी अण्णा दोन गिऱ्हाईकांना हौद दाखवायला आणणार होते. शिवाय मनात ते पुस्तकातलं पान होतंच. मी माहेरच्या तळ्याची मोरी उघडली. पाणी गुडघ्याएवढं झाल्यावर झोळीनं एकेक करत चार मोठ्या, टरटरीत पोटाच्या माद्या काढल्या. हात फिरवला का? फिरवला. पोटानं माझा हात उलटा ढकलला का? ढकलला. मी तो न ढकलल्यासारखं केलं, सुया दिल्या आणि अंडी सोडण्यासाठी चौघींना नरांबरोबर गोल हौदात टाकलं.

पहाटे गोल हौदात पाणी फिरत होतं, नर फिरत होते आणि अंड्यांचा एक दाणा नव्हता. चारही माद्या कुशीवर होत्या. दोन मेलेल्या, दोन मरायला टेकलेल्या. अंडी निघायला वाट नव्हती आणि पोटं दगडासारखी झाली होती. मी माहेरचं तळं पुन्हा भरलं, पाणी गढूळ दिसू नये म्हणून बराच वेळ वाट पाहिली. ह्यावरून तुम्हाला कळेल की मी घाबरून एकदम काही बोलून गेले, असं नव्हतं. माझ्यापाशी विचार करायला तीन तास होते.

अण्णा गिऱ्हाईकांना घेऊन आले. कामगारही आले होते. अण्णांनी हौदात बघितलं आणि विचारलं, "कुणी निवडल्या ह्या?"

"चाचांनी," मी म्हणाले. "परवा हाप्यात ठेवल्या होत्या त्याच."

त्याच वेळी तुम्ही फाटकातून आत आलात. दवाखान्यानं दिलेला काळा चष्मा होता, हातात उमरग्याची भज्यांची पुडी होती, माझ्यासाठी. अण्णा काही वाईट माणूस नाहीत, पण गिऱ्हाईकांसमोर त्यांचा आवाज चढला. "चाचा, चार माद्या गेल्या. डोळे गेले म्हटल्यावर सांगायचं तरी. आता बास करा, वय झालं तुमचं." तुम्ही पुढं आलात. हौदापाशी बसलात, चष्मा काढलात आणि एका मेलेल्या मादीवर हात फिरवत राहिलात. पाठीवरून, पोटावरून, पुन्हा पाठीवरून. मग माझ्याकडं तोंड करून विचारलंत, "बेटी, ह्या त्याच का?"

मी म्हणाले, "हो चाचा. त्याच."

तुम्ही भज्यांची पुडी कठड्यावर ठेवलीत आणि गेलात.

ह्यानंतरची तीन वर्षं मी एका गोष्टीवर काढली. मी स्वतःला सांगितलं की तुम्हाला कळलं होतं. इतका वेळ हात फिरवला म्हणजे तुम्ही माहेरच्या माद्या ओळखल्या असणार. ओळखूनही तुम्ही मला वाचवलं, पोरीची नोकरी राहू दे म्हणून गप्प बसलात. किती मोठं मन, असं मी स्वतःशीच म्हणायची आणि डोळ्यांत पाणी आणायची. माफी मागायची नसली की समोरच्याला थोर करून टाकणं फार सोयीचं पडतं.

लोहाऱ्याच्या बाजारात तुम्ही मला तीनदा भेटलात. तुम्ही घरी जाळी विणून विकायला लागला होता. डोळ्याचं ऑपरेशन होऊन स्वच्छ दिसायला लागलं होतं. दर वेळी केंद्राचं विचारायचात, यंदा बीज कसं, पाणी कसं. आणि पहिल्या वेळी निघता निघता विचारलंत, "बेटी, त्या दिवशी हौदाचं पानी गरम व्हतं का गं?" दुसऱ्यांदा विचारलंत, "सुईचं औषध जुनं व्हतं का?" मला वाटलं, तुम्ही मला जागा करून देताय. कबूल व्हायला वाट ठेवताय. मी म्हणायची, "नाही चाचा, सगळं ठीक होतं," आणि गर्दीत शिरायची. तिसऱ्या वेळी तुम्ही त्या दिवसाचं काही विचारलं नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि "कामाला हात चालतोय ना?" एवढंच म्हणालात.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. आणि काल पुन्हा आले, एकटी. अण्णांची दोन पानं काही केल्या लिहून होईनात, म्हणून आले. चाचीजान आतल्या खोलीत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. हापा, मोरी, झोळी, "हो चाचा, त्याच". रडले नाही, रडायचा मला हक्क नव्हता. शेवटी म्हणाले, "चाचांना हे माहीत होतं. तरी त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही."

चाचींनी उलट मलाच विचारलं.

"कुनी सांगितलं तुला, त्यानला ठाऊक व्हतं म्हनून?"

मग त्याच सांगू लागल्या.

"त्या दिशी घरी आले अन् गरम पान्यात हात घालून बसले. मला म्हनले, बघ गं, हात सुन्न पडलाय का. म्या चिमटा घेतला तर म्हनले, दुखतंय की. मग कसं चुकलं? डोळे जानार ते जानार, पन हात कसा चुकला?" चाचींनी पदरानं तोंड पुसलं. "आमच्या शेजारी शेळ्या हायेत. रोज एकीच्या पोटाला हात लावायचे अन् सांगायचे, ही अमक्या दिशी विनार. बरोबर त्याच दिशी विनार. लोकं वा वा करायचे. अन् हे घरी येऊन म्हनायचे, ही बरोबर आली, मग त्या चौघी कशा चुकल्या? तीन वर्स बेटा. मरायच्या आदल्या हप्त्यातबी."

चाचींचं अजून संपलं नव्हतं.

"म्या एकदा म्हनलं, त्या मॅडमनीच काय तरी केलं असंल. तर मलाच खेकसले. म्हनले, तिच्यावर आळ घेऊ नको, बेटी खोटं बोलत न्हाय. म्हनले, म्या इच्चारलं तिला समोर बसून, ती व्हय म्हनली."

मग त्या उठल्या, मला पाणी दिलं. मी ते प्यावं की नाही मला कळेना, पण प्यायले. त्यांनी मला माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. निघताना दाराशी म्हणाल्या, "मला सांगितलंस, बरं झालं. पन म्या काय हौदापाशी नव्हते. तिथं जे व्हते त्यानला सांग. अन् त्याच्या आधी आमच्या ह्यानला सांग."

कब्रस्तान तुमच्या घरामागंच आहे. आत पुरुष मंडळी होती, म्हणून मी बाहेर कंपाउंडच्या भिंतीशी उभी राहिले. तुमची माती अजून ओली दिसत होती. लोकांदेखत, भिंतीपलीकडून तुम्हाला सांगणं जमलं नाही. म्हणून हे लिहिलं. रविवारी हौदापाशी अण्णा असतील, कामगार असतील, ती दोन गिऱ्हाईकंही मी मुद्दाम बोलावली आहेत. त्यांच्यासमोर ही पानं पहिल्या ओळीपासून वाचीन. अण्णांनी मग मला ठेवलं तर ठेवलं, नाही तर मी तुळजापूरला जाईन. त्यांना वाचून दाखवायच्या आधी तुम्हाला सांगते, चाचा. हौदात मेल्या त्या तुमच्या नव्हत्या. तुमच्या चौघी मोठ्या तळ्यात होत्या, चारही पिकलेल्या. मी त्यांच्यावर हात फिरवला होता. तुमचा हात चुकला नव्हता.